प्रश्न विचारून गप्प बसायचा गृहपाठ

दिंद्रुड, शनिवार

तीर्थस्वरूप बसवेश्वरअण्णा यांस, दिंद्रुडहून धोंडप्पाचा शरणार्थ. वहिनींचे गुडघे, दुकानातला नवा वजनकाटा आणि तुमचा राग, तिन्ही काबूत असतील अशी आशा करतो. इकडं तुमची बहीण शांतादेवी ठणठणीत आहे, म्हैस ठणठणीत आहे, मी मात्र कालपासून ठणठणीत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू देत नाही, आणि हे वाक्य पुरं झाल्याशिवाय भागणार नाही: आपली शिवांजली सोमेश्वरशी लग्न करायला नाही म्हणते. (उठू नका. बसून वाचा. वहिनी, त्यांना पाणी द्या.) येत्या गुरुवारी साखरपुडा, स्थळ तुम्ही आणलेलं, उदगीरच्या बाजारात शब्द तुमचा, हे सगळं मला कळतं. पण यात पोरीचा दोष नाही आणि माझाही नाही. दोष आहे तो अंबाजोगाईला चाललेल्या भाषा शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा.

झालं असं की मराठी, हिंदी, इंग्रजी शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांना मोबाईलवरून आणि संवादातून भाषा कशी शिकवावी हे शिकायला बोलावलं. शिकवणाऱ्या ऋतुजा मॅडम आपल्या शिवांजलीपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पाठाचं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं. त्यात मी आणि फक्त मीच होतो. तुम्हाला माझी पद्धत ठाऊक आहे, मी अर्धा शब्द टाकतो आणि उरलेला अर्धा वर्ग एका सुरात उचलतो. म्हणजे मी 'सूर्य पूर्वेला उग...' म्हणायचं आणि पोरांनी '...वतो' म्हणून कौलं हलवायची. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, सर, यात मुलं बोललीच नाहीत, तुमचंच बोलणं त्यांनी संपवलं. सगळा हॉल हसला. सर्वांत मोठ्यानं कौशल्याबाई हसल्या. (माजलगावला हिंदी शिकवतात त्या, सोमेश्वरच्या सख्ख्या आत्या. माझ्याच बॅचला आहेत, पुढच्या बाकावर बसतात, रोज चिवडा आणतात आणि चारचौघांत मला व्याही म्हणून हाक मारतात.)

मग गृहपाठ मिळाला. घरातल्या एका माणसाला असा प्रश्न विचारायचा की ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही, आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प बसायचं. काही झालं तरी मध्ये तोंड घालायचं नाही. सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून प्रशिक्षणाच्या ॲपवर पाठवायचं. बाकीच्या गुरुजींनी बायकोला उत्तरं लिहून देऊन वाचून घेतली, हे मला नंतर कळलं. मी पडलो नियमाचा माणूस. शांतादेवीला विचारण्यात अर्थ नव्हता, तिच्यापुढं गप्प बसण्याचा मला जुना सराव आहे. शिवांजली नर्सिंग कॉलेजातून सुट्टीला आली होती. तिला पुढ्यात बसवलं, मोबाईल सुरू केला आणि सहज विचारलं, लग्नाबद्दल तुला काय वाटतं? (मला वाटलं, साडीचा रंग सांगेल.)

अण्णा, ती बराच वेळ बोललीच नाही. माझ्या जिभेवर 'सोमेश्वर चांग...' येऊन थांबलं होतं, ते मी दातांनी धरून ठेवलं. शेवटी ती म्हणाली, "अप्पा, मला हे लग्न न्हाई करायचं. ते लोक कॉलेज सोड म्हणत्यात." नियम मोडून मी ओरडलो, मग बघायला आले त्या दिवशी पसंत कावून म्हणालीस? तर म्हणते, "तुमी 'पसं' म्हणलात, मी 'त' म्हणले. दहावीपर्यंत तुमच्याच वर्गात होते की मी." पुढं ती रडली, आणि मी काय करावं हे गृहपाठात दिलेलं नव्हतं.

मोबाईल बंद करायला गेलो तर भलतंच बटण दाबलं गेलं आणि सगळं ॲपवर सादर झालं. काल ऋतुजा मॅडमनी जाहीर केलं की साऱ्या बॅचमध्ये खरा संवाद धोंडप्पा सरांचाच, तो सोमवारी सकाळी हॉलमध्ये सर्वांना ऐकवणार. टाळ्या पडल्या. कौशल्याबाईंनी तर अभिमानानं माझ्या पाठीवर थाप मारली. रेकॉर्डिंगमध्ये काय आहे हे त्यांना अजून माहीत नाही.

तेव्हा तुम्ही उद्याच निघून या आणि पोरीला समजवा. मामाचं ती ऐकेल. साखरपुडा ठरल्याप्रमाणेच होईल अशी मला पूर्ण आशा आहे. वहिनींना शरणार्थ, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धोंडप्पा

ता. क. पत्र कंडक्टर आप्पाराव यांच्या हाती देतोय, ते आज संध्याकाळच्या गाडीनं उदगीरला आणून देतील. सोबत कवठाची चटणी आहे. बरणी परत पाठवा, नाहीतर तुमची बहीण मला घरात घेणार नाही.

ता. क. चटणी बांधून शांतादेवी दळण आणायला गेली. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती म्हणून 'येऊन समजवा' असं लिहिलं. अण्णा, तुम्ही इकडं येऊ नका. उद्या सोमेश्वरच्या घरी जा आणि हात जोडून नाही म्हणून सांगा. पोरगा चांगला आहे, त्याला कुणी नावं ठेवू नये. आमच्या पोरीला शिकायचं आहे, एवढंच सांगा. बाजारात तुमचा शब्द खाली पडेल याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

ता. क. एक राहिलं. आज सकाळी ऋतुजा मॅडमचा फोन आला होता. म्हणाल्या, सर, घरातलं बोलणं आहे, तुम्ही म्हणाल तर काढून टाकते, कुणाला कळणारही नाही. मी म्हणालो, राहू द्या, सोमवारी लावाच. कारण तुम्ही एकदा आवाज चढवलात की मी पुन्हा हो म्हणेन, हे तुम्हालाही माहीत आहे आणि शिवांजलीलाही. एकदा सगळ्यांनी ऐकलं म्हणजे मग मला हो म्हणता येणार नाही.