घंटी वाजायच्या आधी

अहो,

काल मी मुंबईहून परत आले. एवढ्या लांब एकटी पहिल्यांदाच गेले होते. नंदा स्टेशनवर घ्यायला आली होती. माझ्या हातातली पिशवी घ्यायच्या आधीच तिने विचारलं, "आई, मिळालं? काय म्हणाले होते बाबा?" मी म्हटलं, आधी घरी तर चल. घरी आल्याबरोबर स्वयंपाकाला लागले. आज ती कॉलेजात गेली आहे, म्हणून लिहायला बसले. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिहू?

तुम्ही मुंबईला होता तेव्हाही मी लिहीतच होते. मामंजींची तब्येत, नंदाची शाळा, वाळवणं झाली का. विचारायचं ते मात्र राहून जायचं.

ऑफिसातली पक्की नोकरी सोडून तुम्ही टीव्हीवर कार्यक्रम करायला निघालात तेव्हा नागपुरात कोणी टीव्ही पाहिलाही नव्हता. गणपतीतले कार्यक्रम तुम्ही छान रंगवायचे, एवढंच लोकांना माहीत. मग तुमचा तो नवरा-बायकोचा खेळ सुरू झाला. बायकोने पडद्यामागे बसायचं, नवऱ्याला तिच्याबद्दल काहीतरी विचारायचं, आणि घंटी वाजायच्या आत त्याने उत्तर द्यायचं. घंटी आपण दोघांनी इतवारीतून आणली होती. आठवतं? तुम्ही एकेक वाजवून पाहत होता आणि दुकानदार कंटाळला होता.

"देवासाठी पाहिजे का शाळेसाठी?"

"नवऱ्यांची परीक्षा घ्यायची आहे."

"मंग मोठी न्या जी. नवऱ्यायले लवकर ऐकू येत नाही."

मी दुकानात तोंडाला पदर लावून हसले होते. तुमच्या कार्यक्रमातलं मी प्रत्यक्ष पाहिलेलं असं काही असेल, तर ती घंटी.

मामंजींनी हट्ट करून तुमच्याकडून टीव्ही मागवला. लाकडी दारांचा. मी त्याच्यासाठी भरतकामाचा अभ्रा केला. इथे काही दिसणार नाही, असं मी म्हटलं तर मामंजी म्हणाले, "सिनेमा कसा आधी मुंबईले लागते, मंग रिळांच्या पेट्या आपल्याकडं येतात? तसंच हे. येईल पोरगा आपला." आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं. सिनेमा तसाच येत होता ना! शनिवारी तुमच्या वेळेला ते दारं उघडून टीव्ही लावायचे आणि पडद्यावरच्या नुसत्या मुंग्या बघत बसायचे. तुम्ही सुट्टीत आलात की विचारायचे, "कधी येऊन राहिला गा आपल्याकडं?" आणि तुम्ही म्हणायचे, "येईल बाबा, येईल."

मुंबईत लोक तुम्हाला रस्त्यात थांबवत. इथे पानठेल्यावरची मुलं विचारत, "काय टीव्हीवाले, काहून दिसून नाही राहिले?" तुम्ही हसून पुढे जायचे. मला मात्र त्या रस्त्याने जाणं नको व्हायचं.

आणि मग तो शनिवार. गिरगावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खेळ उलटा तुमच्यावरच फिरवला. त्यांनी घंटी उचलली आणि म्हणाले, आता तुम्ही सांगा, तुमची बायको घरी एकटी असली की काय करते? हे मला पहिल्यांदा सांगितलं दादरच्या माझ्या मालूताईने. तिने लिहिलं, "भावजी म्हणाले, माझी वाट पाहते. सगळे काय हसले गं!" ते मी मनात जपून ठेवलं. पण महिनाभराने काटोलचे राघोजी आले. ते संत्री घेऊन मुंबईला गेले होते आणि कोणाकडे तरी त्यांनी तोच कार्यक्रम पाहिला होता. ते म्हणाले, "काहीच बोलले नाही जी वहिनी. नुसते हसून राहिले, अन् घंटी वाजून गेली."

दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा मी विचारलं. तुम्ही दाढी करत होता. आरशातूनच म्हणालात, "टीव्ही येऊ दे ना नागपूरला. मग तूच पाहून घे." मी थांबले. मला थांबता येत होतं.

नागपूरला टीव्ही दिसू लागला तेव्हा मामंजी नव्हते आणि तुमचा खेळही बंद झाला होता. आला तो दिल्लीचा कार्यक्रम, हिंदीतला. तुम्ही परत आला होता आणि लग्नांत, सत्कारांत माइकवर बोलत होता. इथे तुम्हाला कोणी टीव्हीवर पाहिलेलंच नव्हतं, मग ओळखणार कोण? मामंजींच्या खुर्चीत बसून तुम्ही दिल्लीच्या बातम्या बघायचे. तुम्ही गेलात तेही त्याच खुर्चीत, संध्याकाळचा चहा तसाच ठेवून.

वर्षश्राद्ध झालं आणि नंदा म्हणाली, "आई, मुंबईला टेप असेल ना. मला बाबांना एकदा हसताना बघायचं आहे. आणि तुझ्याबद्दल ते काय म्हणाले, तेही ऐकायचं आहे." म्हणून गेले. तुमच्याबरोबर काम केलेल्या एक बाई भेटल्या. खूप मायेने बोलल्या. म्हणाल्या, "वहिनी, टेप पुरत कुठे होत्या तेव्हा! एक कार्यक्रम झाला की त्याच टेपवर दुसरा घ्यायचा. त्यांचं काहीच राहिलेलं नाही." मला वाटलं, त्यांची काही चूक होत असेल. मी म्हटलं, पण ते तर म्हणायचे, नागपूरला येईल. मग म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं की. आम्ही थट्टा करायचो, आज तुम्हाला पुसून तुम्हालाच वर घेतलंय."

माहीत होतं तुम्हाला!

मामंजींना सांगितलं नाही, ते मी समजू शकते. म्हातारा जीव होता. पण मला का नाही सांगितलं? मी कधीच पाहणार नाही हे ठाऊक असताना, पाहून घे का म्हणालात? "वाट पाहते" एवढे दोन शब्द आरशात बघून सांगायला जड होते का? की सांगण्यासारखं काही नव्हतंच, आणि राघोजींनी पाहिलं तेच खरं होतं? मुंबईहून येताना गाडीत सगळा वेळ हाच विचार केला. उत्तर सापडत नाही. आता सापडणारही नाही.

मी काय करत होते, ते आज सांगते. शनिवारी तुमच्या वेळेला मी मागच्या अंगणात दगडावर जाऊन बसायची. मामंजी मुंग्या बघत बसलेले मला बघवत नसत. बस, एवढंच. सोपं उत्तर होतं. कोणी विचारलंच नाही.

घंटी अजून कपाटात आहे. काल काढली आणि न वाजवता परत ठेवली.

नंदा येईलच आता. ती विचारेल. मालूताईचं ऐकवलं तर तिला किती बरं वाटेल! पण तसं करणार नाही. तुमच्या तोंडी मी एकही शब्द घालणार नाही, गोडही नाही. बाबा काय म्हणाले ते मला माहीत नाही, एवढंच सांगेन. हा माझा शब्द.

तुमची,
कुंदा