दात बघताना

३० डिसें. ०३, मंगळ.
नेब्रास्कात आल्यापासून हा कत्तलीचा कारखाना दिवसा इतका शांत कधी पाहिला नव्हता. एका गाईला मेंदूचा रोग निघाला, जपान-कोरियानं अमेरिकेचं बीफ बंद केलं. परदेशी मालाची अख्खी पाळी रद्द. जिभा धुणारी लुपेही गेली. जाताना म्हणाली, "डॉक, आम्हा मेक्सिकन लोकांना सोडून इथे जीभ खातं कोण?"
मराठी मंडळाच्या पार्टीत सुनीतानं माझं काम परत 'फूड सेफ्टी' सांगितलं. बायकोला दुरुस्त केलं नाही. करायला हवं होतं?

२१ एप्रिल ०८, सोम.
कोरियाशी करार झाला. कुठल्याही वयाचं जनावर चालणार. कॅन्टीनमध्ये टाळ्या. बंद दाराआड काय बोलणं झालं, कुणालाच ठाऊक नाही.
अण्णांचा गुरांचा बाजार आठवला. वडील दलाल. उपरण्याखाली दोघांचे हात, बोटं दाबून भाव ठरायचा, वर चेहरे कोरडे. मी उपरण्याच्या हालचालीवरून आकडा ओळखू पाहायचो. कडबा, शेण, भज्यांचं तेल... तो वास इथे कधीच आला नाही. इथे क्लोरीन.

२४ जून, मंगळ.
सोलमध्ये लोक रस्त्यावर उतरले. आता तीस महिन्यांच्या आतलंच जनावर जाणार. वय ओळखायचं दातांवरून! दोन दाती चालेल. तिसरा पक्का दात हिरडीबाहेर दिसला की बाद. व्हेटर्नरी कॉलेज, इथल्या परीक्षा, आणि शेवटी अण्णांचंच काम.
ते सांगायचे, "दात बघताना मालकाच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंड बघितलं की दात लहान दिसतो."
असते तर फोन केला असता. पण ते बैल नांगरासाठी बघायचे. 'तू कशासाठी बघतोस?' विचारलं असतं तर...

८ जुलै, मंगळ.
पाळी परत सुरू. लुपेही परत, कोंबड्यांच्या कारखान्यातून. "डॉक, म्हातारा झालास. तुझेच दात बघू आधी!" आता ती कापलेल्या जनावराचा जबडा उघडून धरते, मी दात बघतो.
दुपारी मॅनेजर तिच्यासमोरच म्हणाला, "तुझं आपलं शंका आली की बाद, शंका आली की बाद! असं चाललं तर ही पाळी बंद करावी लागेल."


१० जुलै, गुरु.
एक जनावर अडलं. तिसरा दात बाहेर म्हणावा की आत? हिरडीवर कणभर पांढरं. पास केलं. लुपेनं श्वास सोडला. तो रोखलेला मला आधीच ठाऊक होता. म्हणजे मी कुठे बघत होतो?
जेवताना सुनीता: "गप्प का?"
"एक दात."
"दुखतोय?"
"माझा नाही गं."
शेवटी मॅनेजरला फोन केला, तो माल थांबवा. "यार डॉक!" (यार मीच शिकवलं त्याला.) ट्रक उद्या दुपारी निघतो, तोवर थांबेल म्हणाला. त्या जनावराचं डोकं अजून थंड खोलीत आहे.
सकाळी लुपे यायच्या आधी जाणार. जबडा मीच उघडीन.