फोन कोणी उचलायचा

४ सप्टेंबर

"तुमच्याकडे फोनवर प्यायलेला माणूस बसवलाय का?"

हॉस्पिटलच्या मॅनेजरने भाऊजींना हेच विचारलं, शब्दशः. त्यांची एक नर्स लिफ्टमध्ये अडकली. तिने आतल्या पाटीवरचा आमचा नंबर लावला आणि इकडे बाबांनी उचलला. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचे शब्द उशिरा येतात, आणि आले तरी अर्धेच येतात. नर्स असून तिला ते प्यायलेले वाटले. काय शिकवतात या लोकांना?

मॅनेजर म्हणतो, महिन्याभरात फोनची नीट व्यवस्था करा, नाहीतर लिफ्ट सांभाळायला दुसरी कंपनी बघतो. आमच्याकडे यांच्याएवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं नाही. भाऊजींनी हे सगळं जेवताना सांगितलं. बाबांसमोर, ते तिथे नसल्यासारखं. ताई मान खाली घालून ताटात बघत होती. बाबांची जीभ अडलीये, कान नाही. हा फरक या घरात फक्त मला कळतो असं दिसतं.

५ सप्टेंबर

ठरलं. इंटरनेटवरून चालणारा फोन घ्यायचा. नंबर जुनाच, कारण तो प्रत्येक लिफ्टमध्ये पितळी पाटीवर कोरलेला आहे. फक्त वाजेल तो खाली ऑफिसात बाबांच्या टेबलावर नाही, तर भाऊजी, मेकॅनिक आणि मी, तिघांच्या मोबाइलवर एकदम. जो मोकळा असेल तो उचलेल.

कंपनी निवडायची मी. कारण नेटवर्कचं शिक्षण माझं झालंय. भाऊजींचं शिक्षण "मोबाइलवर हल्ली सगळं येतं" इथे संपतं.

बाबांना कोण सांगणार, यावर कोणी बोललं नाही.

८ सप्टेंबर

पहिला विक्रेता येऊन गेला. टाय, चकचकीत बूट. दर वाक्यात "क्लाउड". मी त्याला एकच प्रश्न विचारला. लाइट गेली की लिफ्ट अडकते. लिफ्ट अडकली की लोक आम्हाला फोन करतात. म्हणजे आमचा फोन सगळ्यात जास्त वाजतो तो लाइट नसताना. जुन्या लाइनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून यायची, तिचं काही अडत नव्हतं. तुमची इंटरनेटची पेटी तेव्हा काय करणार?

तो प्रसन्न हसला. "मॅडम, आमचं सगळं क्लाउडमध्ये असतं. क्लाउडला लाइट लागत नाही."

मी त्याला दारापर्यंत सोडायलाही उठले नाही.

९ सप्टेंबर

क्लाउडला लाइट लागत नाही. हा माणूस पगार घेतो!

११ सप्टेंबर

आज भाऊजींनी स्वतःचा शोध आणला — मित्राच्या मित्राचं काहीतरी, जवळजवळ फुकट. मी गच्चीवर जाऊन खाली फोन लावला. आवाज टाकीतून आल्यासारखा, मधली अक्षरं गायब, आणि प्रत्येक वाक्य संपल्यावर माझंच बोलणं मला परत ऐकू येतंय.

"आवाज आला ना? मग झालं," भाऊजी म्हणाले.

"अडकलेला माणूस काय म्हणतोय ते कळायला हवं, भाऊजी."

"काय म्हणणार? अडकलोय म्हणणार."

याला उत्तर आहे. पण देण्यात अर्थ नाही.

मग म्हणाले, नंबर नवा घेऊन टाकू, सोपा, लक्षात राहणारा. पितळी पाट्यांचं काय? "त्यावर स्टिकर मारू." आणि जुनी लाइन बंद करण्याचा अर्ज खिशातून काढून दाखवला, सहीसकट. मी तो त्यांच्या हातून घेतला आणि समजावलं की नंबर नव्या कंपनीकडे हलायच्या आधी जुनी लाइन बंद केली तर नंबरच जातो, कायमचा. तो उद्या कुठल्या तरी केस कापणाऱ्याला मिळेल, आणि लिफ्टमध्ये अडकलेली माणसं त्याला फोन करतील.

"बाईसाहेब, तुम्ही फार पुढचा विचार करता."

कोणीतरी करायला हवा.

१४ सप्टेंबर

बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. चित्रांची कार्डं घेऊन. "हे काय आहे, आजोबा? के… के…" केळं होतं. बाबांनी कार्डांचा गठ्ठा घेतला, नीट जुळवला आणि पालथा ठेवला. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, रोज बोललं पाहिजे, नाहीतर आहे तेही जाईल. मी म्हटलं, मग त्यांच्याशी माणसासारखं बोला. बाईंना राग आला. येऊ दे.

त्या गेल्यावर बाबा खाली ऑफिसात जाऊन बसले. फोन वाजला, मी पोचायच्या आत त्यांनी उचलला. "लि… लिफ्ट…" पलीकडच्याने ठेवून दिला. बाबा रिसीव्हर कानाला लावून तसेच बसले. मग तो बाहीने पुसून जागेवर ठेवला.

मी स्क्रीनवर फोन कंपन्यांचे दर बघत होते. तेच बघत राहिले.

१७ सप्टेंबर

कंपनी मिळाली. छोटी आहे. फोनवर जो बोलला त्याला मी लाइटचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, राउटरला बॅटरी लावावी लागेल. तीही संपली किंवा तुमच्याकडचं इंटरनेट गेलं तरी कॉल मोबाइलवर जातील, कारण ते वाटण्याचं काम आमच्याकडे होतं. मी आणखी एक विचारलं: दोघं एकाच क्षणी अडकले तर दुसऱ्याला काय ऐकू येईल? "माहीत नाही. बघून सांगतो." आणि बघून सांगितलं.

इतक्या दिवसांत "माहीत नाही" म्हणणारा हा पहिलाच. त्यालाच काम दिलं.

२२ सप्टेंबर

नंबर हलला. एकही कॉल चुकला नाही. भाऊजी म्हणाले, "नशीब लागतं."

नशीब!

संध्याकाळी ताई आली. दार लावून घेऊन माझ्यावर धावून आली.

"त्यांच्यासमोरचा फोन उचलून नेणार तू? आई गेल्यापासून तेवढंच आहे त्यांना."

"मॅनेजरला काय सांगू?"

"तू ना, दगड आहेस."

"दगडाला निदान पगार द्यावा लागत नाही."

ती हसली नाही. मग तिची योजना बाहेर आली. बाबांच्या टेबलावर नवा फोन ठेवायचा, पण गिऱ्हाइकांचे कॉल तिकडे जाऊ द्यायचे नाहीत. मी म्हटलं, न वाजणारा फोन त्यांना दोन दिवसांत कळेल. "मग मी वाजवीन," ताई म्हणाली. रोज एकदा. लिफ्टमध्ये अडकलेली बाई बनून.

इतका बालिश प्रकार मी आजवर ऐकला नव्हता. भाऊजींना तो अर्थातच फार आवडला.

मी त्यांना तो करून दिला. बाबांचा फोन फक्त घरातल्यांनाच लावता येईल असा जोडला, आणि ताईने लावला की पडद्यावर "बाहेरचा कॉल" असं दिसेल असं केलं. ताईच्या मनात ते आलंही नव्हतं. तिचं नाव झळकलं असतं आणि नाटक पहिल्या मिनिटाला आटोपलं असतं. मूर्खपणासुद्धा अर्धवट केलेला मला बघवत नाही.

२४ सप्टेंबर

पहिला प्रयोग. मी समोरच्या टेबलाशी होते.

"लिफ्ट… सेवा. बोला," बाबा म्हणाले. पलीकडे ताई इतक्या मोठ्याने हुंदके देत होती की मला इथे ऐकू येत होतं. बाबांनी इमारत विचारली. तिने ठोकून दिली एक. बाबांनी ती डाव्या हाताने कागदावर लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. म्हणजे, माणूस पाठव.

मी बाहेर गेले. पाना — आमचा मेकॅनिक, सगळे त्याला पानाच म्हणतात — पायरीवर डबा उघडून बसला होता.

"मला कुठं पाठवलं?"

"कुठंच नाही."

"मग सावकाश जातो," म्हणाला, आणि घास घेतला.

२९ सप्टेंबर

ताईला सूर सापडलाय. काल संगीताची शिक्षिका होती, आज सातव्या महिन्याची गरोदर. शाळेच्या नाटकात तिला झाड केलं होतं, त्याचा सूड आता घेतेय. भाऊजींनीही एकदा करून पाहिलं. त्यांना हसू आवरेना आणि त्यांनी मध्येच ठेवून दिला. यांच्या हाती कंपनी आहे.

बाबांनी आज "दाराला हात लावू नका, हवा येत राहील" हे पूर्ण वाक्य म्हटलं. एका दमात नाही. पण पूर्ण.

नोंद म्हणून लिहिलं.

३ ऑक्टोबर

दुपारी अख्ख्या भागातली लाइट गेली. बॅटरीने राउटर चालू ठेवला, तिन्ही मोबाइल सतत वाजत होते, एकाही माणसाला वाट बघावी लागली नाही. हॉस्पिटलचा मॅनेजर स्वतःहून फोन करून म्हणाला, "आता कसं, कंपनी वाटते." काम त्याने आमच्याकडेच ठेवलंय. भाऊजींनी त्याचे आभार मानले, जणू सगळं त्यांनीच जोडलं होतं.

यंत्रणेत एकही दोष नाही. हे मी मुद्दाम लिहितेय.

लाइट येईपर्यंत बाबा टेबलाशी बसून होते, खालच्या ऑफिसातल्या अंधारात, हात रिसीव्हरवर. तो वाजला नाही. ताईला सांगायचं मला सुचलं नाही. सुचलं होतं. माझ्याकडे सारखे कॉल येत होते.

५ ऑक्टोबर

ताईचा घसा बसलाय. कुजबुजण्यापलीकडे आवाज नाही.

"उद्या तू कर."

"मी असले चाळे करत नाही."

"मग उद्या त्यांच्यासमोर बस, आणि तो फोन कसा वाजत नाही ते बघ."

दगड म्हणते मला. स्वतः काय आहे?

६ ऑक्टोबर

वरच्या खोलीतून लावला. दार लावून, आवाज बारीक करून. मी लिफ्टमध्ये अडकलेय म्हटलं.

बाबा बोलले, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं: "बाई. हा फोन… बाहेरचा नाही. खरे अडकलेले… आधी शिव्या देतात. मला इतक्या दिवसांत… एक पडली नाही."

मी दाराची कडी पुन्हा तपासली.

"धाकटीने फोन हलवला ते… बरोबर केलं. तिला सांगू नका. आधीच… शिष्ट आहे."

मी ठेवणार होते.

"ठेवू नका. माझा… सराव होतो. बोला. कितव्या मजल्यावर आहात?"

काहीही सांगता आलं असतं. तिसऱ्या, पाचव्या. तोंड उघडलं, आणि काही येईना.

"घाई नाही, बाई," बाबा म्हणाले. "येतो शब्द. वेळ लागतो."