'बा'नंतरचं रक्त

कर्कवॉल, १० फेब्रुवारी

ती. थोराताईस,
अर्लेंडचा सा. न. वि. वि.

लाल गाय व्याली. वासरू तुझ्यासारखंच हट्टी निघालंय. बाकी माझं डोकं मात्र चालेनासं झालंय. हा एमएसचा आजार माझ्या नसा कुरतडतोय की थांबलाय, ते आता रक्तावरून बघतात. तुटक्या नसांचा चुरा रक्तात येतो, तो मोजतात. सध्याच्या औषधामुळे माझी काठी सुटली, दोन वर्षं आकडाही खाली होता. जानेवारीत तो एकदम दुप्पट! स्कॅन स्वच्छ, पाय उत्तम. मग खरं कोण बोलतंय, मी की माझं रक्त? डॉक्टरीणबाई औषध बदलू म्हणतात. नवं औषध अंगावर फार येतं म्हणे. मला भीती वाटते, ताई.

लोभ आहेच, सध्या थोडा जास्त लागेल.
तुझा अर्लेंड

अ‍ॅबरडीन, १६ फेब्रुवारी

चि. अर्लेंडास अ. उ. आ.

पत्र वाचून काळजीच लागली. त्यात आमच्या लिव्हरपूलकर नवऱ्याने फ्रिजवरचा तुझा पेपरातला फोटो पाहून विचारलं, याला कुणी बदडलं? मी म्हटलं, बदडलं कुठे, नववर्षाचा 'बा' खेळलाय. अख्खं गाव एका चेंडूसाठी रेटारेटी करतं, भिंतीवर डोकं आपटायचंच. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मीही फोटोकडे बघत राहिले. गधड्या, डोक्याला मार लागलाय का, असं रक्त घेताना नर्सने विचारलं होतं का? त्यानेही आकडा चढतो का, ते विचारून घे. वासराचा हिशेब नंतर.

माया आहे तशीच.
तुझी ताई

कर्कवॉल, २२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

विचारलं होतं! मी नाही म्हणालो. नर्सही इथलीच, माझा काळानिळा डोळा बघून यंदा 'बा'चा चेंडू कुणाला मिळाला, एवढंच तिने पुढे विचारलं. 'बा'चा मार आपण मार कधी धरला? हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. डोकं आपटलं तरी आकडा काही महिने वर राहू शकतो, म्हणाल्या. पण आजारानेही चढला असेल. कशामुळे, ते रक्त सांगत नाही. आता एप्रिलमध्ये पुन्हा तपासणी, तोवर औषध तेच. उतरला तर भिंतीचा, नाहीतर आजाराचा.

रोज त्या भिंतीजवळून जाताना मी कपाळ चाचपतो. खोक केव्हाच भरली. दुखतंय का, असं बायको विचारते, आणि नाही म्हणताना माझं मन खट्टू होतं. ताई, तू देवळात जातेस तर एवढं माग: याला फार जोरात लागलेलं असू दे.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
अर्लेंड