कोपर आत, हात पुढे

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खोली लहान असल्याने पाय दाराबाहेर जातात, तरी नमस्कार पूर्ण धरावा.) तुझा गुडघा काय म्हणतो? शेजारीण नेलेलं पातेलं परत न करता दुसरं मागायला अजून येते ना?

‘परक्या गावात तुला आधार कोणाचा?’ असं तू विचारलंस. उत्तर : मी विंग चुन शिकते. ही चिनी मारामारी अगदी जवळून करायची असते. लांबून उड्या मारत येणाऱ्यांचं तिथे काम नाही. तत्त्वं मोजकी आहेत आणि मला पटतात. नाकापासून बेंबीपर्यंत एक सरळ रेषा मानायची. आपली राखायची, समोरच्याची गाठायची. कोपर आत. अडवणं आणि मारणं एकाच वेळी, कारण आधी अडवून मग मारणं म्हणजे एका कामाला दोन खेपा. आणि जोराला जोर लावायचा नाही, त्याला वाट करून द्यायची. (शेजारणीच्या बाबतीत तुला हे न शिकताच येतं.)

या विद्येचा उपयोग मला एकदाच झाला, तोही साहेबांवर. मी लिफ्टची दारं तपासते, हे तुला माहीत आहेच : माणूस मध्ये आला तर दार किती दाबाने टेकतं आणि लगेच मागे सरतं की नाही. माझा अहवाल वर पसंत पडला, म्हणून साहेब चहाचा कप घेऊन मागून आले आणि शाबासकी द्यायला त्यांनी माझ्या खांद्याकडे हात नेला. माझ्या डाव्या हाताने तो बाजूला केला, आणि त्याच क्षणी उजवी मूठ त्यांच्या टायपासून बोटभर अंतरावर थांबली. (थांबली, हे नोंद घेण्याजोगं आहे.) चहा मात्र थांबला नाही. तेव्हापासून ऑफिसात सगळे माझ्याशी दोन हात लांबून बोलतात. त्या अंतरावर विंग चुन काहीच कामाचं नाही.

शिकवणीत मात्र जवळ येणं सक्तीचं असतं. ‘चिकट हात’ नावाचा एक सराव आहे. दोघांनी मनगटाला मनगट लावायचं, डोळे मिटायचे आणि स्पर्श सोडायचा नाही. समोरचा काय करणार, ते त्याच्या हातावरून कळतं. माझे जोडीदार एक म्हातारे चष्मेवाले होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, “अगं, हात लागला की मागे काय सरतेस? मी काय मध्ये आलेलं माणूस आहे आणि तू दार?” मी काय काम करते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी हसले नाही. घरी येऊन हसले.

पुढे जमलं. ते कधी दमलेत, कधी चिडलेत, कधी नुसतं बोलायचं म्हणून हात फिरवतायत, मला मनगटावर कळायचं. गेल्या महिन्यात त्यांची मुलगी त्यांना आपल्या घरी राहायला घेऊन गेली. जाताना म्हणाले, “कोपर आत ठेव. बाकी सगळं बाहेर येऊ दे.” आता जोडीदार म्हणून शिकवणीत मला लाकडी पुतळा दिला आहे. त्याला तीन हात, एक पाय. वेळेवर हजर असतो, खोड्या काढत नाही. पण मी हात काढला, तरी त्याला कळत नाही.

असो. मी मजेत आहे. काळजी नसावी.

तुझी,
भाची

ता. क. : माझ्यावर अजून कोणीही हल्ला केलेला नाही. तेवढ्या जवळ कोणी येत नाही.

आणखी एक ता. क. : लहानपणी रस्ता ओलांडताना तू माझी बोटं धरायची नाहीस, मनगट धरायचीस. गाडी मला दिसायच्या आधी तुझ्या हातावरून कळायची. तर विद्या आपल्या घरातलीच आहे, आणि पुतळ्यापेक्षा तू केव्हाही बरी. दुसरी गादी आणून ठेवली आहे. इथली लिफ्ट मी स्वतः तपासली आहे, गुडघ्याची सबब चालणार नाही. ये. तुला कोणालाही मारायचं नाही, नुसता हात पुढे धरायचा.