वीरभद्राची चौथी गोळी

शरणबसप्पा, सिकंदराबादेहून तुझ्या अक्काचे पोटभर आशीर्वाद. परंड्यात आपली म्हैस व्याली का?

अरं, माझ्या नातवानं पलटणीत नाव काढलं! त्याच्या बंदुकीवर दुर्बीण हाय, पण गोळी डावीकडंच जायची. उस्ताद म्हणाला, "नेम जमंना तर घरी जा!"

बाकीचे दर गोळीला दुर्बिणीचा पेच पिळायचे. वीरभद्रानं पेचाला हात न लावता तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही भोकं मधापासून किती डावीकडं पडली ते मोजलं, मग पेच मोजून फिरवला. चौथी मधोमध! म्हणतो, "आज्जे, शितावरून भात कळतो, एका गोळीवरून नेम न्हाय कळत."

आता त्याला घरी धाडत न्हाईत, ब्रह्मदेशात लढाईवर धाडणार. एवढं माझ्या सूनबाईला, त्याच्या आईला, वाचून दाखवू नको. चौथी गोळी मातर दोनदा वाच.

तुझी गौराअक्का