कुंडी क्रमांक तीन

११ ऑगस्ट

"तू झाडांची डॉक्टर ना? मग माझ्यासाठी गांजा लाव." — मिर्ता. जेवताना, मसुराच्या रश्श्यात पाव बुडवता बुडवता!

मी अडतीस वर्षं वनस्पती-संग्रहाची प्रमुख होते. चौऱ्याहत्तर हजार दोनशे अठरा नमुने, प्रत्येकाला चिठ्ठी, एकाही चिठ्ठीत चूक नाही. झाडं लावणं हा माझा विषय नव्हे. माझ्याकडे झाडं येत ती मेलेली, दाबलेली, गप्प. झाडाची आदर्श अवस्था.

पण तिची नागीण. गेल्या महिन्यात फोड आले, वाळले, आणि जाताना बरगडीखाली कळ ठेवून गेले. "डोळ्याला डोळा लागत नाही गं ताई. बोटांत ताकद उरली नाही, नाहीतर मीच लावला असता." धाकटी बहीण आहे. वेदना आहे. कायद्याची आडकाठी नाही. या देशात घरटी सहा झाडं लावता येतात. विचार करीन म्हटलं.

१२ ऑगस्ट

विचार केला. करायचंच तर नीट करायचं. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा, तेव्हा घरातच झाडं वाढवायचा तंबू.

१४ ऑगस्ट

गांजा लावायचं सामान मिळतं त्या दुकानात गेले. मालक यामांदू — पन्नाशीचा, पांढरी वेणी, दात तंबाखूनं पिवळे. मी यादी वाचून दाखवली: ऐंशी बाय ऐंशी सेंमीचा तंबू, एलईडी दिवा, हवा बाहेर फेकणारा पंखा, वासासाठी कोळशाची गाळणी, टायमर, तापमान आणि दमटपणा दाखवणारं यंत्र, तेही दोन — म्हणजे एक खोटं बोललं तर दुसऱ्यावरून कळेल.

"डॉक्टरबाई, माझ्या गिऱ्हाइकांत यंत्राला खोटारडं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच," तो म्हणाला. सामान पोचवायला पत्ता विचारला. मी सांगितला. "त्या घरात? मग तुम्हाला कशाला—" आणि त्याला मोठा खोकला आला. फुप्फुसांची काय अवस्था असेल! सल्ला दिला. हसला.

गांजा लावायचा तर पोस्टात नोंद करावी लागते, आणि नोंदीला पत्त्याचा दाखला. माझ्या दाखल्यावर अजून जुना पत्ता आहे. बदलायचा तर लिहून द्यावं लागेल की मी मिर्ताच्या घरी राहते. मी राहत नाही. मी सध्या तिथे आहे.

१६ ऑगस्ट

तंबू उभा केला. सोबतच्या माहितीपत्रकात आकृती तीनमध्ये दांडा उलटा दाखवला आहे. तांब्याच्या तारेनं स्वतःची पद्धत बसवली. जागा: मिर्ताच्या जुन्या पार्लरची मागची खोली, म्हणजे सध्या मी झोपते ती. एका बाजूला माझी खाट, दुसऱ्या बाजूला केस वाळवायचं ते टोपीवालं यंत्र, मध्ये काळा चकचकीत तंबू. अंतराळात जायची तयारी चालल्यासारखं दिसतं.

मिर्ता पहाटेपर्यंत जागी होती म्हणे. मग भिंतीपलीकडे घोरत कोण होतं?

१८ ऑगस्ट

अंधार तपासला. दिवा बंद असताना अंधार पूर्णच हवा — गांजाचं झाड याबाबत माझ्याइतकंच काटेकोर आहे. खात्रीची रीत एकच: आत बसायचं, चेन लावायची, उजेड कुठून शिरतो ते बघायचं. सकाळी अकरा वाजता मी, वय सत्तर, गुडघे छातीशी घेऊन आत बसले. सुईच्या टोकाएवढी तीन भोकं सापडली. मग चेन अडकली.

"मिर्ता!"

"बोला, डॉक्टरीणबाई."

"चेन अडकली आहे. बाहेरून ओढ."

खुर्ची सरकल्याचा आवाज. थर्मासचं बूच. ती चक्क तंबूसमोर माटे, आमचा तो नळीनं ओढायचा कडू चहा, घेऊन बसली!

"ओढते की. आधी सांग, आज अंघोळ केलीस?"

"हा प्रश्न गैरलागू आहे."

"केस कधी विंचरलेस?"

"मिर्ता, मला इथे हवा कमी पडते आहे."

"एवढा मोठा पंखा बसवलायस ना? खा की हवा!" नळीतून फुर्रकन शेवटचा घोट. पुन्हा पेला भरल्याचा आवाज. मग, वेगळ्याच सुरात: "ताई, तुझा तो संग्रह बंद झाला त्याचं तुला वाईट वाटतं, एवढं एकदा तोंडानं म्हण. मी लगेच ओढते."

मी भोकं पुन्हा मोजली. तीनच. ती दोन पेले प्यायली. तिसरा भरला. शेवटी मी म्हटलं, "ट्रकमध्ये चढवताना त्यांनी खोक्यांवर 'वाळका पाला' असं लिहिलं होतं. खडूनं."

चेन एका झटक्यात उघडली. जिच्या बोटांत ताकद नाही तिनं! कणव आली की बळ येत असावं.

तिनं पेला पुढे केला.

२० ऑगस्ट

पाच बिया. रुजवायला माझा टीपकागद काढला. जन्मभर ज्या कागदानं झाडांतलं पाणी शोषून घेतलं, त्यालाच आज पाणी पाजलं. चष्मा दोनदा पुसावा लागला. वय.

२३ ऑगस्ट

चार फुटल्या! पाचवीनं नकार दिला. तिचा निर्णय.

अडतीस वर्षांत मी बी फुटताना पाहिलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवते. इतरत्र कुठेही सांगणार नाही.

६ सप्टेंबर

कुंड्यांना क्रमांक एक ते चार. रोज सकाळी सात वाजता प्रत्येक कुंडी वजन करून पाणी, मिलिलिटरात; सायंकाळी पुन्हा वजन. तंबूत प्रवेश फक्त मला. मिर्ताला तसं सांगितलं. तिनं सलाम ठोकला.

उंबरठ्यावरूनच म्हणाली, "दिवा वर घे. पानं वळताहेत बघ." योगायोगानं बरोबर होतं. मग: "शेंडे खुड, म्हणजे बाजूनं भरतील. केसांचंही तसंच असतं." पार्लरमधलं शास्त्र! खुडले. ग्रंथांतही तसंच आहे म्हणून.

दिवसातून तीनदा ती कपडे घेऊन गच्चीवर जाते. दोन बायकांचे कपडे ते किती!

१४ सप्टेंबर

कुंडी क्रमांक तीन. काल सायंकाळपेक्षा आज सकाळी एकशे चाळीस ग्रॅम जास्त! झाड हवेतून पाणी ओढत नाही. वजनकाटा तपासला. निर्दोष.

१७ सप्टेंबर

पुन्हा तीन. एकशे दहा ग्रॅम. मातीला पोटॅशियमचा वास येतो असं लिहिणार होते. पोटॅशियमला वास नसतो. मी घसरते आहे.

१९ सप्टेंबर

सापडली! स्नानगृहातून लवकर बाहेर आले तर मिर्ता तंबूत डोकं घालून, थर्मासमधलं उरलेलं कोमट पाणी कुंडी तीनमध्ये ओतते आहे! आणि बोलते आहे! "पी गं बाई, ती मोजून देते तेवढ्यावर कशी जगशील तू?"

"मी नोंदी ठेवते आहे!" मी ओरडले.

"अगं, थर्मासचं उरलेलं पाणी कोण मोरीत टाकतं? आई कुंडीतच टाकायची."

"आई डॉक्टर नव्हती. तूही नाहीस. तू आयुष्यभर बायकांचे केस कापलेस, तेही सरळ नाहीत!"

हे मी बोलले. शब्दशः उतरवलं आहे.

२० सप्टेंबर

सकाळी माटेचा पहिलाच पेला परत देताना मिर्ता म्हणाली, "आभारी आहे." म्हणजे संपलं, पुन्हा भरू नकोस. पहिल्याच पेल्याला! आमच्या घरी आजवर कोणी चौथ्याच्या आत आभार मानले नाहीत.

२१ सप्टेंबर

"आभारी आहे."

२२ सप्टेंबर

तेच.

३० सप्टेंबर

उंची: एक — सव्वीस सेंमी. दोन — चोवीस. चार — सव्वीस. तीन — एक्केचाळीस.

नोंद करणं भाग आहे.

मिर्ता बरगडी धरून चालते, निदान माझ्यासमोर तरी. फुलं यायला अजून दोन महिने. तोवर तिला झोप नाही आणि मला हे पाहणं आहे. आणखी एका कुंडीला जास्त पाणी घालून पाहावं का?

२ ऑक्टोबर

क्रमांक एकला थर्मासचं पाणी घातलं. न मोजता. कोणी पाहिलं नाही.

७ ऑक्टोबर

पत्त्याचा दाखला घेतला अखेर. रकान्यात माझं नाव, नीबिया, आणि त्यापुढे मिर्ताचा पत्ता लिहिला. अक्षर चांगलं आलं नाही.

८ ऑक्टोबर

पोस्टात गेले. खिडकीतली मुलगी स्क्रीनकडे पाहून म्हणाली, "आजी, या पत्त्यावर नोंद आहे आधीच."

"मी कोणाची आजी नाही. आणि चूक तुमच्याकडे आहे."

"चूक नाही हो. घरटी एकच नोंद. ही सात वर्षांपूर्वीची आहे, नूतनीकरणसुद्धा अगदी वेळेवर."

"कोणाच्या नावानं?"

"ते नाही सांगता येत, गुप्त असतं." मग हळूच: "घरात किती जण आहात?"

दोघी. वजाबाकी मला येते.

घरी आले ती थेट गच्चीवर. लोखंडी जिना, एकोणीस पायऱ्या. चार महिन्यांत एकदाही चढले नव्हते. पाण्याच्या टाकीमागे, चादरींच्या आडोशाला, तेलाच्या डब्यांत तीन झाडं. गुडघ्याएवढी. फांद्या पसरवून पार्लरच्या चिमट्यांनी डब्याच्या काठाला धरलेल्या, चहूबाजूंना सारख्या अंतरावर. मोजलं. खरंच सारख्या! चिठ्ठी नाही, नोंद नाही, वजन नाही. एका पानावर डाग नाही.

मागून मिर्ता आली, बादली घेऊन.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पार्लर बंद केलं तेव्हापासून."

"आणि नागीण?"

"नागीण खरी होती. मलम लावलं, दोन आठवड्यांत गेली." टाकीकडे मान हलवली. "घरचं मलम."

"झोप?"

"तू ऐकतेस की रोज. भिंत केवढीशी आहे!"

"मग मला कशाला लावायला सांगितलंस?"

तिनं माझा गाऊन पिळला, झटकला, दोरीवर टाकला. "दोन महिने याच गाऊनमध्ये सोफ्यावर पडून होतीस, ताई. वास यायला लागला होता."

"कशाचा?"

"गांजाचा नव्हे."

खाली आले. ही वही मागे उलटत गेले. ११ ऑगस्टच्या आधीची नोंद ९ जूनची आहे, ट्रक गेला त्या दिवसाची. मध्ये काही नाही. ज्या बाईनं अडतीस वर्षांत एक दिवस सोडला नाही!

१० ऑक्टोबर

तंबूत चार, गच्चीवर तीन. कायद्यानं सहा. नमुना नेहमी सर्वोत्तम झाडाचा घ्यायचा असतो, म्हणून क्रमांक तीन मुळासकट काढलं. ("माझं सोन्यासारखं झाड मारलंस गं, कसाई!") टीपकागदात दाबलं. आज आम्ही सहा पेले प्यायलो. चिठ्ठी लिहिली, अक्षर चांगलं आलं:

नमुना क्र. ७४,२१९. गांजा.
जोपासना: मिर्ता.
संग्रह: नीबिया.
स्थळ: आमचं घर.